आत्याचा डावा खिसा

आत्या कॉम्प्युटर दुरुस्त करते आणि तिच्या प्रत्येक कपड्याला डावीकडे खिसा असतो. चालू मशीन उघडून तपासायची वेळ आली, की तिचा डावा हात त्या खिशात जातो. दोन्ही हात आत घातले, तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडतो, म्हणून. हे इतकं अंगवळणी पडलंय, की चहा ढवळतानाही तिचा एक हात खिशातच असतो. तिचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे काका, म्हणायचे, "काय तोरा आहे हिचा."

एकदा दुकानात गिऱ्हाइकांसमोर काकांना अक्कल पाजळायची हुक्की आली. टेबलावर पॉवर सप्लाय उघडा होता आणि चालू होता. आत्या मीटर घ्यायला वळली, तेवढ्यात काकांनी स्क्रूड्रायव्हर उचलला, तोही मूठ सोडून लोखंडी दांडीला धरून, आणि आत खुपसला. दुसरा हात सप्लायच्या पत्र्याच्या खोक्यावर. काका जागच्या जागी चिकटले.

मी त्यांना ओढायला धावलो. "हात लावू नकोस त्याला," आत्या म्हणाली. भिंतीपाशी जाऊन तिने बटण बंद केलं. काका धपकन खुर्चीत कोसळले. आत्याचा डावा हात खिशातच होता.

बरे झाल्यावर काका घरोघर सांगत सुटले, "मी मरत होतो आणि ही खिशात हात घालून उभी." माझं डोकं फिरायचं. मी आत्याला म्हटलं, तू काहीच कसं बोलत नाहीस?

"सांगू दे दादाला," ती म्हणाली. "जिवंत आहे म्हणून सांगतोय."