सतरा नंबरची पिशवी

बाजाराच्या मागच्या गल्लीत माझ्या थोरल्या भावाचं शिवणकामाचं दुकान आहे. दुकान कसलं, एक मशीन, एक कापायचं टेबल आणि गिऱ्हाइकाला बसायला एक बाकडं. चाळीस वर्षं दादा तिथे बसतो आहे. शिवलेला कपडा तो कधी तसाच हातात देत नाही. आधी सुलटा करणार, कात्रीच्या टोकानं कोपरे बाहेर काढणार, इस्त्री मारणार, घडी घालणार. गिऱ्हाईक ताटकळलं तरी चालेल, पण हे झाल्याशिवाय कपडा टेबलावरून हलणार नाही.

अशा माणसाकडे बेडूकबाई आल्या. बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. दर वर्षी सुट्टीत पंधरा-वीस हौशी माणसं घेऊन त्या जंगलात जातात. बेडूक, साप, सरडे, पाली शोधायच्या, मोजायच्या, वहीत नोंद करायची आणि जिथून उचलल्या तिथेच नेऊन सोडायच्या. कुठला ओढा, कुठला डोंगर राखायचा, हे सरकारदरबारी सांगायला त्या नोंदी लागतात. गल्लीनं त्यांचं नाव केव्हाच बेडूकबाई करून टाकलंय. त्यांना ते माहीत आहे आणि त्या हसतात.

बाईंना पातळ कापडाच्या साठ पिशव्या हव्या होत्या. "मास्टर, शिवण बाहेर राहू दे," त्या म्हणाल्या. "आत धागा आला तर जनावराची बोटं अडकतात. कडा बांधू नका, धागे सुटले तरी बाहेरच राहणार आहेत."

"म्हणजे उलटीच पिशवी," दादा म्हणाला.

"उलटीच."

पिशव्या झाल्या, आणि दादानं हळूच विचारलं, "बाई, मला न्याल का?"

घरी वहिनीनं कपाळाला हात लावला. "अहो, घरातली पाल मी झाडूनं हाकलायची, आणि तुम्ही जंगलातल्या पालींची मापं घ्यायला निघालात?" शेवटी तिनं मला मध्ये घातलं. "वन्सं, तुम्ही जा ह्यांच्याबरोबर. तुम्हाला तरी मोकळीक आहे. आणि ओढ्यात उतरू देऊ नका, गुडघे कुरकुरतात." माझी शाळेतली नोकरी नुकतीच संपली होती. मी देवापुढे हात जोडले आणि पिशवी भरली.

मुक्काम जंगलखात्याच्या एका पत्र्याच्या शेडात होता. दादा दोन दिवसांत रुळला. कामही त्याच्या हाताचं मिळालं. बाई पाल धरायच्या, चष्मेवाली म्हणून एक विद्यार्थिनी होती ती वही लिहायची, आणि दादा माप सांगायचा. धड इतकं, शेपूट इतकं. पालीला हात मात्र लावायचा नाही. "गिऱ्हाइकं चांगली आहेत," मला म्हणाला. "सैल झालं, घट्ट झालं, एक तक्रार नाही."

तिसऱ्या दिवशी जुन्या पिशव्या धुऊन वाळत टाकल्या होत्या, म्हणून दादाच्या नव्या काढल्या. ओढ्याकाठच्या खडकांवर दिवसा हिंडणारी एक बारकी पाल असते, बोटाएवढी. बाई तिच्याचसाठी दर वर्षी तिथे येतात, कारण ती दुसरीकडे कुठे सापडलेली नाही. सकाळी अठरा मिळाल्या. एकेका पिशवीत एकेक, पिशवीला नंबर आणि जिथे सापडली त्या खडकावर त्याच नंबरची फीत. सगळ्या पिशव्या सावलीत दोरीवर टांगल्या आणि मापं सुरू झाली.

सोळा झाल्या. सतरावी पिशवी उघडताच बाई म्हणाल्या, "थांबा. कुणी हलू नका."

आत पालीच्या मागच्या पायाला धाग्यांचा गुंता बसला होता. ती हिसडे देत होती आणि प्रत्येक हिसड्याला गुंता आवळत होता. पोटाच्या कातडीतून दोन पांढरी अंडी दिसत होती.

"ओढलं तर शेपूट टाकेल," बाई म्हणाल्या. "शेपटीतच हिचा चरबीचा साठा असतो. अंडी जातील, कदाचित तीही जाईल."

चष्मेवालीनं पिशवीची कड बघितली. "शिवण आत आहे! कुणी शिवल्यात ह्या?"

दादा बघतच राहिला. मला त्याच्या तोंडावरूनच कळलं. सांगितलं होतं तसंच त्यानं शिवलं होतं. पण शिवून झाल्यावर त्याच्या हातांनी नेहमीप्रमाणे साठच्या साठ पिशव्या सुलट्या केल्या, कोपरे काढले, इस्त्री मारली. त्याला पत्ताच नव्हता.

"मी," दादा म्हणाला. "मीच शिवल्या आणि मीच घाण केली."

बाईंनी बारीक कात्री घेतली, पण धागा पायाच्या इतका लगत होता की टोक आत जाईना. पालीनं पुन्हा हिसडा दिला.

"बाई, धागा कापू नका," दादा म्हणाला. "तो ताणलाय कारण शिवणीत धरलाय. शिवणच उसवतो, मग तो आपोआप सैल पडेल."

"तिला धरावं लागेल, मास्टर. एका हातानं."

दादानं पँटीला हात पुसला. जन्मापासून मी त्याला ओळखते आहे. पालीला भिणारा हा माणूस. त्यानं डाव्या हाताची दोन बोटं तिच्या पाठीवर ठेवली, इतकी हलकी, जशी रेशमावर ठेवतो. मी मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायला लागले. मागायचं काय ते सुचेना, नुसतं नाव घेत राहिले.

"सुरुवात डाव्या कोपऱ्यातून करतो मी," तो स्वतःशीच बोलला. "तिथे तीन टाके उलटे." कॉलरला टोचलेल्या सुईच्या टोकानं ते तीन टाके त्यानं उचलले. मग एकेक करत टीप उसवत आला. घाई नाही, थांबणं नाही. पायापाशी आल्यावर गुंत्यातला ताण गेला आणि धागा ओल्या केसासारखा लोळला. बाईंनी चिमट्यानं तो बाजूला घेतला. पाचही बोटं शाबूत होती. शेपूट जागेवर होतं.

"मापं नकोत हिची," बाई म्हणाल्या. "तशीच सोडू."

"बाकीच्या पिशव्या?" दादानं विचारलं.

"उलट्या करा. सगळ्या. हिला आणि आतल्या पालींना तोवर मी डब्यांत ठेवते."

दादा तिथेच जमिनीवर बसला. चष्मेवालीही शेजारी बसली आणि म्हणाली, "मघाशी मी जरा जोरात बोलले, काका."

"पोरी, तू हळू बोलली असतीस तर मी ऐकलं नसतं. उचल, त्या टोकापासून सुरू कर."

पिशव्या झाल्यावर बाईंनी पाल दादाच्याच ओंजळीत दिली. आम्ही ओढ्याकडे गेलो. सतरा नंबरची फीत पाण्यापलीकडच्या खडकावर होती. मी तोंड उघडायच्या आत दादा पाण्यात उतरला होता. वहिनीला काय सांगायचं ते मी नंतर बघणार होते. त्यानं खडकाला ओंजळ टेकवली. पाल क्षणभर त्याच्या अंगठ्यावर बसली, मग खडकावर गेली, मग फटीत. तो वाकून बराच वेळ त्या फटीकडे बघत होता.

परत आलो तेव्हा बाई टेबलाशी उभ्या होत्या. दादा लांबच थांबला, पँटीतून पाणी गळत होतं. बाईंनी दोरीवरून आता उलटी झालेली, पाल परत घातलेली अठरा नंबरची पिशवी काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"मास्टर, ही तुम्ही धरा," त्या म्हणाल्या. "माप मी सांगते."