मुठीतला दगड गरम होईपर्यंत

वत्सला डोंगरे बाईंना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या भर वर्गात झोपल्या आहेत, असाच माझा समज झाला. मी सौंसरची, पांढुर्ण्याच्या शाळेत नुकतीच रुजू झालेली. खिडकीतल्या उन्हात खडूची धूळ तरंगत होती, लांब कुठे इटारसीकडे जाणारी गाडी शिटी देत होती आणि अख्खा वर्ग गप्प होता. बाईंचे डोळे मिटलेले. समोर एक मुलगी मूठ आवळून उभी. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बाई, झाला गरम."

बाईंनी डोळे उघडले. "मंग सांग आता."

खिडकीशी टोपली असे, तीत जाम नदीतले गुळगुळीत दगड. राग आला, रडू आले, की मुलाने त्यातला एक उचलायचा, मुठीत धरायचा आणि तो गरम झाला की बोलायचे. तोवर कोणी काही विचारायचे नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या जत्रेत पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, ते याच नदीच्या दोन काठांवरून. मुलांना स्वतःचे आणि दुसऱ्याचे मन कळावे म्हणून आता प्रशिक्षणे होतात, पुस्तिका येतात. बाईंकडे टोपली होती.

पहिल्याच वर्षी माझ्या हातून मोठी चूक झाली. सावरगावची प्रणाली आणि पांढुर्ण्याची काजल एका बाकावर बसत. त्या गोटमारीत प्रणालीच्या वडिलांच्या डोक्याला टाके पडले आणि दगड काजलच्या काकांचा होता, असे गावभर झाले. प्रणालीने बाक बदलला. मी दोघींना फळ्यापुढे उभे केले, हातात हात द्यायला लावले, 'सॉरी' म्हणवून घेतले, वर वर्गाकडून टाळ्या. मला माझेच फार कौतुक वाटले. दुसऱ्या दिवसापासून प्रणाली शाळेत येईनाशी झाली. आठवड्याने घरून निरोप आला, की पोरगी आता शिकणार नाही म्हणते.

मी रडतच बाईंकडे गेले. "मी तं चांगलंच करायले गेली होती, बाई." त्या रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातात दगड दिला आणि शेजारी बसून राहिल्या. दगड गरम झाला. शेवटी मीच म्हणाले, "तिले कसं वाटते, ते मी विचारलंच नाई."

"हाव. चाल मंग, तिलेच सांगू."

आम्ही पूल ओलांडला तेव्हा ऊन कलले होते आणि नदीवर पिवळसर धूसर उजेड पसरला होता. तो रस्ता मला अजून स्वप्नात दिसतो. प्रणाली ओसरीवर तूर निवडत होती. तिची आई म्हणाली, "लय समजावलं बाई, आयकून नाई राहिली." बाई सूप ओढून तूर निवडू लागल्या. मी खाली बसले.

"प्रणाली, मी चुकली. तुले न विचारताच तुले सॉरी म्हणायले लावलं."

तिने वर पाहिले नाही. नुसता हात पुढे केला, बाईंकडे. बाईंनी पिशवीतून दगड काढून तिला दिला. तूर निवडून झाली, गाई परतल्या, तेव्हा ती म्हणाली, "अजून नाई झाला, मॅडम."

"राहू दे तुझ्याचपाशी," असे म्हणून बाई उठल्याच. मला धक्का बसला. वाटेत मी विचारले, थोडे थांबलो असतो तर? "घाई आपल्याले हाय, तिले नाई," त्या म्हणाल्या.

चौथ्या दिवशी प्रणाली वर्गात आली, मूठ आवळूनच. ती खिडकीशी एकटी बसली. काजलच्या बाकावर ती दिवाळीच्या सुमारास गेली, आपणहून, आणि त्या दिवशी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आज प्रणाली त्याच शाळेत शिकवते आणि टोपली तिच्या ताब्यात आहे. त्या संध्याकाळी बाई सोबत नसत्या, तर मी एका मुलीची शाळा कायमची बंद केली असती.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या सत्काराचे विचारायला प्रणाली आणि मी परवा लोधीखेड्याला त्यांच्या घरी गेलो. दोन शब्द बोलाल का, म्हटले. बाईंनी खिडकीतला दगड उचलला, मुठीत धरला आणि डोळे मिटले. हात आता थरथरतात, गारही असतात. आम्ही बसून राहिलो. चहा निवला. मग त्या हसून म्हणाल्या, "अजून नाई झाला."

होऊ द्या सावकाश, बाई. तब्येत सांभाळा, शंभरी गाठा, त्यापुढचीही वर्षे घ्या. आम्ही दोन्ही काठांची माणसे इथेच बसलो आहोत आणि आम्हाला कोणालाच घाई नाही.