आधी थंड पाणी

माझ्या वहिनीला सगळी वस्ती ‘आभारबाई’ म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागे. पण हाकेच्या अंतरावरून, म्हणजे तिला ऐकू जाईल अशा बेताने. ती मागे वळून म्हणायची, “नाव छान आहे. ठेवणाऱ्याचेही आभार.” आता अशा बाईचं कुणी काय करायचं, सांगा!

रुग्णालयाच्या तळघरात धुलाईखाना होता, तिथली ती मुकादम. मी शिंपी. रुग्णालयाच्या फाटक्या चादरी शिवायचं काम माझ्याकडे, त्यामुळे तळघराच्या एका कोपऱ्यात माझं मशीन. जिन्याने उतरायला लागलं की आधी साबणाचा वास यायचा, मग वाफ, आणि वाफेच्या पोटातून वहिनीचं स्तुतिगीत. देवाची स्तुती केल्याशिवाय तिने कामाला कधी हात लावला नाही. आवाज कसा होता म्हणाल, तर खोटं कशाला बोलू, शेजारी दूध ठेवलं असतं तर नासलं असतं. एक धुणारी एकदा म्हणालीच, “मुकादमबाई, जरा हळू. देव बहिरा नाही.”

“देव नाही गं, बॉयलर बहिरा आहे,” वहिनी म्हणाली. “त्याच्या डोक्यावरून आवाज वर न्यायचा, तर ओरडावंच लागतं.”

नव्या बाईला पहिला धडा एकच असायचा. रक्ताची चादर गरम पाण्यात टाकायची नाही. गरम पाण्याने रक्त कापडात मुरतं, आणि मग तो डाग कापडाच्या मरणापर्यंत जात नाही. आधी थंड पाणी. भिजू द्यायचं, पाणी बदलायचं, पुन्हा भिजू द्यायचं. साबण आणि उकळी त्यानंतर. एखादीने घाई केली की वहिनी कमरेवर हात ठेवून उभी राहायची. “डागाला घाई चालत नाही, बाई. नवऱ्याला चालत असेल, डागाला नाही.”

माझा थोरला भाऊ, दादा, दगडाच्या खाणीत कामाला. त्यांना एक मुलगा, एक मुलगी. माझी बायको लवकर गेली, तेव्हापासून संध्याकाळचं जेवण मी वहिनीकडेच करायचो. मधे एक भिंत फक्त. भाजीला फोडणी पडली की वास माझ्या घरात, आणि त्यामागोमाग मी त्यांच्या घरात.

आणि त्या जेवणाचा एक नियम होता. ताटं वाढून झाली की प्रत्येक ताटावर झाकण. मग पाळीपाळीने प्रत्येकाने देवाचे आभार मानायचे, एकाच गोष्टीबद्दल, आणि तीही आजच्या. ‘सगळ्याबद्दल आभार’ चालायचं नाही. ते म्हणजे न वाचता सही केल्यासारखं, असं तिचं म्हणणं. कालचं चालायचं नाही, “देवाने ताजं दिलं, तुम्ही शिळं परत करता?” ज्याने सांगितलं त्याचं झाकण निघणार. मी एकदा म्हणालो होतो, “आज पँट घट्ट झाली म्हणून भांडायला कुणी आलं नाही, त्याबद्दल आभार.” पुतण्या हसून हसून आडवा झाला, पण माझं झाकण निघालं. खरं होतं ना!

आमच्या चर्चचे पाळकसाहेब एका रविवारी जेवायला आले होते, ते सांगायचं राहिलंच. त्यांनी डोळे मिटून अशी लांबलचक प्रार्थना केली की रस्सा थंड झाला. वहिनी सगळं ऐकून नम्रपणे म्हणाली, “साहेब, आजचं एखादं?” साहेब गडबडले. कपाळ पुसत म्हणाले, “आज माझ्या प्रवचनात कुणी झोपलं नाही.” वहिनी म्हणाली, “शेवटच्या बाकावर दोघं झोपले होते, साहेब. दुसरं सांगा.” सगळ्यात मोठ्याने हसले ते पाळकसाहेबच.

तर असं ते घर होतं. हे हसणं आधी सांगितलं, कारण पुढे त्याला जागा नाही.

पुतण्या बापाबरोबर खाणीत जायला लागला होता. कष्टाळू, पण झोप त्याची मोठी लाडकी. रोज सकाळी वहिनी त्याच्या तोंडावर पाणी शिंपडायची. त्या दिवशी तो म्हणाला, “आई, आज राहू दे ना. अंगात त्राण नाही.” भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. वहिनी म्हणाली, “देवाने दिवस दिलाय, तो काय पांघरुणात घालवायला? ऊठ.” आणि पाणी शिंपडलं. नेहमीसारखाच आरडाओरडा झाला आणि बापलेक निघून गेले.

दुपारी मी मशीनवर होतो. वरच्या मजल्यावरून मळक्या कपड्यांची गाडी खाली आली. वहिनीने गाठोडं सोडलं. चादरीत गुंडाळलेला एक शर्ट निघाला, कात्रीने उभा कापलेला. जखमी माणसाचे कपडे तसेच कापून काढतात, त्यात नवल नव्हतं. पण तिने कॉलर हातात धरली आणि ती तशीच उभी राहिली.

त्या कॉलरला हिरवा दोरा होता. झिजली म्हणून मीच उलटवून शिवून दिली होती ती कॉलर. पांढरा दोरा संपला होता म्हणून हिरवा लावला, तर पुतण्या म्हणाला होता, “काका, माझ्या गळ्यात गवत उगवलं की!”

वहिनी ओरडली नाही. तिने शर्ट थंड पाण्याच्या हौदात सोडला, दोन्ही हातांनी पाण्याखाली दाबून धरला. पाणी लाल झालं तसं तिने हात बाहेर काढले, पदराला पुसले, आणि जिना चढायला लागली. मी मागोमाग. आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं.

खाणीचा कडा सुटला होता. बाप पाणी प्यायला बाजूला गेला होता, मुलगा खाली होता. एवढंच.

दफन करून आलो. शेजारणींनी जेवण आणून ठेवलं होतं. वहिनीने ताटं वाढली आणि झाकणं ठेवली. मला वाटलं, आज तरी नाही. पण ती हात जोडून बसली. आवाज सरळ होता. “पोराला फार वेळ सोसावं लागलं नाही, त्याबद्दल आभार.” पुतणी रडत रडत शेजारणींबद्दल काहीतरी बोलली. मीही काहीतरी पुटपुटलो. मग वहिनी दादाकडे वळली.

“अहो, तुमची पाळी.”

“माझं काही नाही.”

“एक तरी असेल.”

दादाने मान वर केली. “त्याला बरं नव्हतं. तू उठवलंस त्याला.”

आणि उठून बाहेर गेला. त्याच्या ताटावरचं झाकण तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशीही तेच, त्यानंतरही तेच. वहिनी विचारायची, दादा मूग गिळून बसायचा आणि मग उठून जायचा. तो जेवला नाही की तीही जेवायची नाही. दादा खाणीवर कोरडा पाव कुरतडायचा, आणि ही नुसत्या पाण्यावर बॉयलर पेटवायची. गाणं मात्र चालूच. त्या गाण्याला आता कुणी हसत नव्हतं. बायका खाली मान घालून कपडे चोळायच्या.

एकदा मला राहवलं नाही. “वहिनी, माणूस वाळत चाललाय. झाकण काढा आणि वाढा त्याला. देव काय रागावणार आहे?”

ती चादरीची घडी घालत होती. घडी पुरी केली, मग म्हणाली, “भावोजी, देव रागावेल म्हणून नाही. मी आभार मानायचे सोडले ना, तर मग माझ्याजवळ काय उरतं? मी त्याला उठवलं, एवढंच उरतं.”

मी शिंपी माणूस. फाटलेलं शिवता येतं मला. याला टाका कुठून घालायचा ते कळलं नाही.

पुढे दादाने अंथरूण धरलं. खाणीची धूळ वर्षानुवर्षं छातीत बसलेली, त्यात पोटात अन्न नाही. चार शब्द बोलला की धाप लागायची. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी छाती तपासून वहिनीला बाजूला नेलं, आणि ती परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून मला काय ते समजलं. आता तो उठून बाहेरही जाऊ शकत नव्हता. वहिनी ताट घेऊन उशाशी बसायची. झाकण असायचंच. “आजचं एक सांगा.” दादा भिंतीकडे तोंड करायचा. मग पुतणी चोरून त्याला पेज पाजायची. वहिनीला ते माहीत होतं. ती मुद्दाम विहिरीवर जायची.

एका संध्याकाळी दादा भिंतीकडे वळला नाही. तिच्याकडे बघत, धापा टाकत म्हणाला, “आज घरात... तू गायली नाहीस... त्याबद्दल आभार.”

वहिनीने ताट जवळ ओढलं. मग तिने झाकण उचललं.

“आजचं आहे, खरं आहे. चालेल,” ती म्हणाली.

दादाला हसू आलं. हसण्यातून खोकला आला, खोकल्यातून रक्त. पण त्याने दोन घास खाल्ले. मग रोज असंच चालू झालं. “भात करपला. तुझ्याही हातून चूक होते. आभार.” वहिनी झाकण उचलायची. “पाळक आला नाही. आभार.” झाकण उचलायची. प्रत्येक आभाराला धार होती आणि तो वार ती सरळ अंगावर घ्यायची. माझ्या मनात येई, याच्यापेक्षा उपास बरा होता.

मग धुलाईखान्यात एक नवी बाई लागली. कामाला चपळ. शस्त्रक्रियेच्या खोलीतून चादरी आल्या, तिने बघितलं न बघितलं आणि वाफाळत्या हौदात लोटून दिल्या. वहिनी तिकडून धावत आली. “अगं, काय केलंस! थंड पाणी आधी! सरळ उकळत्यात टाकलंस तर तो डाग आता...”

वाक्य तिथेच तुटलं. ती नवी बाई समोर उभी होती, पण वहिनीचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ती हौदात बघत होती. मग कपड्यांच्या गाठोड्यावर मटकन बसली. तिला कामाच्या वेळी बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

“भावोजी,” ती म्हणाली, “मी ह्यांना सरळ उकळत्यात टाकलं हो.”

मी मशीन थांबवलं.

“पोराला मातीत ठेवून आलो आणि मी त्यांना म्हटलं, तुमची पाळी. दिवसभर मी बायकांना काय शिकवते? आणि घरी माझ्याच माणसाला...” त्या दिवशी बॉयलर दुसऱ्या बाईने विझवला.

संध्याकाळी तिने दादाचं ताट आणलं. झाकण नव्हतं. पेज उघडी, तिची वाफ वर जात होती. तिने ते उशाशी ठेवलं आणि म्हणाली, “जेवा.”

दादा वाट बघत राहिला. “विचारणार नाहीस?”

“नाही.”

“कधीच?”

“तुम्ही जेवा हो. गार होतंय.”

दादाने चमचा उचलला नाही. बराच वेळ छपराकडे तोंड करून पडला होता. आम्हाला वाटलं, डोळा लागला. मग तो बोलायला लागला, मधेमधे श्वास गोळा करत. “त्या सकाळी... वाटेत हसत होता तो. म्हणाला, ‘बाबा, आई आज माझ्या कानातच पाणी ओतून गेली. खाणीत पोचेपर्यंत कान वाजणार माझा.’ मान वाकडी करून उड्या मारत होता... पाणी काढायला. रस्त्यात. लोक बघत होते.”

वहिनी म्हणाली, “हे मला नाही सांगितलंत.”

“नाही सांगितलं,” दादा म्हणाला. “तुला द्यायचं नव्हतं.”

त्या पोराच्या नावाने ती पहिल्यांदा रडली ती तेव्हा. आणि आवाजाचं काय सांगू, रडण्याचा आवाजही तसाच, बॉयलरच्या वरून जाणारा. दादाने तिच्या हातावर हात ठेवला. पेज गार झाली. पुतणीने ती पुन्हा गरम करून आणली.

तुम्हाला वाटेल, मग दादा सुधारला. नाही. छातीतला दगड कुणाला काढता येत नाही. खालावतच गेला. घरात नियम उरला नव्हता. ताटं उघडीच यायची, आणि कुणी काही म्हणालं तर म्हणालं. शेवटच्या दिवशी तो पुटपुटला म्हणून वहिनी खाली वाकली. “पेज आहे का गं?” असं विचारत होता. मुलगा गेल्यापासून त्याने तोंडाने जेवण मागितलं नव्हतं. तिने भरवली. दोनच चमचे गेले. संध्याकाळ व्हायच्या आत तो गेला.

दुसऱ्या दिवशी त्याला मुलाच्या शेजारी ठेवून आम्ही घरी आलो. शेजारणींचं जेवण पुन्हा आलेलं होतं. वहिनीने ताटं वाढली. मी सवयीने हात जोडले. ती म्हणाली, “आधी जेवा, भावोजी.” आम्ही जेवलो. भांड्याला चमचा लागला तरी दचकायला होत होतं.

जेवणं झाली तरी वहिनी जागची हलली नाही. रिकाम्या ताटाकडे बघत होती. मग मला विचारलं, आणि जन्मात पहिल्यांदा तिने हे कुणाला तरी विचारलं:

“भावोजी, एक आहे. पण कालचं आहे. चालेल का?”

“चालेल, वहिनी.”

“त्यांनी मागून घेतलं,” ती म्हणाली. “स्वतःहून मागितलं. त्याबद्दल.”

पुढे ‘आभार’ हा शब्द काही आला नाही. पुतणी हळूच आमेन म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.