तांब्याचं पाणी

घरी आलेल्या माणसाला काकाजी आधी पाणी द्यायचे, मग बसायला सांगायचे. भांडं नेहमी तांब्याचं, चिंचेनं घासून लख्ख केलेलं. देताना वाक्य ठरलेलं होतं: "घ्या जी. तांबं धोका देत नाही."

त्यांची सगळी नोकरी मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत झाली. निवृत्त झाल्यावर बालाघाटला आमच्या वार्डात, माझ्या शेजारीच त्यांनी घर बांधलं. आमच्यामधली भिंत कमरेएवढी होती. वार्ड त्यांना काकाजी म्हणे, मीही म्हणू लागलो. आयुष्यभर एकाच गोष्टीवर विश्वास टाकणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काकाजींचा विश्वास तांब्यावर होता.

"माह्याकडे नाही पाहात इतकं त्या भांड्यायकडे पाहाते हा माणूस," त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या.

"भांडे उलटून बोलत नाहीत," काकाजी म्हणायचे.

मागच्या बागेत सिमेंटचं टाकं होतं. त्यात दोन कोई मासे, रंगीत, हातभर लांबीचे. नर पांढरा, पाठीवर लाल ठिपका असलेला. मादी पूर्ण केशरी. त्यांची एकुलती मुलगी नागपूरला नोकरी करायची. तिनं ते बोटाएवढे असताना प्लास्टिकच्या पिशवीत, मांडीवर धरून आणले होते. जाताना म्हणाली होती, "बाबा, पिल्लं झाली की दोन माह्यासाठी ठेवजा." मासे मोठे होण्याआधीच ती रक्ताच्या कॅन्सरनं गेली.

त्यानंतर काकाजींना एकच गोष्ट हवी होती. त्या माशांचं एक तरी पिल्लू.

होळी झाली की पहाटे टाक्यात पाणी उसळायचं. नर मादीच्या मागे लागायचा, तिला कडेला ढोसायचा. पाण्यावर तरंगणाऱ्या जलकुंभीच्या मुळांना अंडी चिकटायची, साबुदाण्याहून बारीक, पारदर्शक. काकाजी बादली उलटी घालून तिथेच बसायचे. काकू चहा तिथेच नेऊन द्यायच्या. दोन-तीन दिवसांत अंडी पांढरी पडायची, त्यांच्यावर कापसासारखी बुरशी धरायची.

"यंदाही नाही," ते भिंतीपलीकडून सांगायचे. "पाणी खराब असन."

पाणी शुद्ध व्हावं म्हणून त्यांनी टाक्यात तांब्याचा लोटा बुडवून ठेवला होता. अंडी गेली तेव्हा दुसरा ठेवला. पुढच्या वर्षी तांब्याच्या तारेची वेटोळी तळाशी सोडली. दर आठवड्याला सगळं बाहेर काढून घासायचे आणि पुन्हा पाण्यात ठेवायचे.

मत्स्य विभागातल्या एका ओळखीच्या अधिकाऱ्याला मी एका वसंतात घेऊन गेलो. ते आधी काकाजींच्या हातचं पाणी प्यायले, मग टाक्यात डोकावले.

"चाचाजी, ये ताँबा किसने डाला?"

"मी," काकाजी अभिमानानं म्हणाले.

"निकाल दीजिए. मछली के पानी में ताँबा ज़हर है. बड़े सह लेते हैं, अंडे नहीं सहते."

"अन् माणसायले?"

"इंसान की बात अलग है."

अधिकारी गेल्यावर काकाजींनी बाही वर करून एकेक भांडं बाहेर काढलं. लोटे, वेटोळी, सगळं ओळीनं कट्ट्यावर ठेवलं. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तिलेही तांब्याचंच पाणी पाजलं मी. लहानपणापासून. दवाखान्यात उशाशी लोटा माह्याच हातानं ठेवला होता."

मी म्हणालो, याचा आणि त्याचा काही संबंध नाही. डॉक्टरांनी रक्ताचा कॅन्सर सांगितला होता, ते तुम्हालाही माहीत आहे.

"हौ," ते म्हणाले.

त्यांनी ते मानलं नाही. त्या दिवसापासून घरात स्टीलचे ग्लास आले. पाणी देताना ते वाक्य बंद झालं. पाहुणा पाणी पिऊन उठायचा.

टाकं रिकामं करून, धुऊन, नव्या पाण्यानं भरलं. त्याच उन्हाळ्यात नर मेला. पुढच्या होळीला मादीचं पोट फुगलं, पण अंडी बाहेर आली नाहीत. पाठलाग करणारं कोणी नव्हतं. ती तळाशी एका अंगावर पडून राहायची. मी पुन्हा अधिकाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, दुसरा नर आणा. नागपूरहून मागवू, असं मी काकाजींना सांगितलं.

"नको," ते म्हणाले. "तो तिनं आणलेला नसन."

काकू चिडल्या. "मासोळी मरून राह्यली, अन् तुमचं हे!"

मादी मेली तेव्हा तिचं पोट अंड्यांनी गच्च होतं. काकाजींनी तिला जास्वंदीखाली पुरलं. मग त्यांनी अंथरूण धरलं. अंगाला दुखणं असं नव्हतं, पण उठेनात. लालबर्ऱ्याहून त्यांचा धाकटा भाऊ आला आणि दोघांना घेऊन गेला. घराला कुलूप लागलं.

उन्हाळ्यात आटलेलं टाकं पावसाळ्यात आपोआप भरलं. काकू एकदा कपडे न्यायला आल्या, तेव्हा त्यांनी मला हाक मारली.

"भाऊ, हे काय आहे जी?"

मी भिंत ओलांडून गेलो. टाक्यात बारीक काळी शेपटं वळवळत होती. जलकुंभीच्या वाळल्या मुळांशी, कडेला, तळाशी, सगळीकडे.

"बेडकाची पिल्लं आहेत काकू."

"सगळी जित्ती?"

"हो."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग पिशवी उचलली. फाटकाशी पोचल्यावर वळून म्हणाल्या, "फोन आला तं त्यायले सांगू नका."