बापाच्या मयताची झडती

"कपडा हटाव. चेकिंग होगा."

फाटकावरचा पहारेकरी माझ्या मेलेल्या बापाबद्दल बोलत होता.

तिरडी खाली ठेवावी लागली. तापलेल्या डांबरावर, भर दुपारी. पहारेकऱ्यानं काठीच्या टोकानं पांढरं कापड उचललं. बाच्या काखेत, पोटाखाली काठी खुपसून पाहिली. माय ओरडली, "अरे, मेला तो! आता काय लपवून आत नेऊन राहिला?" पहारेकऱ्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. झडती पुरी केली आणि साहेबाला बोलवायला गेला.

त्या फाटकाच्या आत आमचं गाव होतं. चीनच्या लढाईनंतर सरकारनं ते दारूगोळ्याच्या कोठारासाठी घेतलं. घरं, शेतं, आमची बौद्धांची वस्ती, सगळं. तेव्हा लोक कुरकुरले तर बाच त्यांना समजवत फिरला, "देश अडचणीत आहे गा. आपण नाही देऊ तं कोण देईन?" ट्रक आले आणि आम्हाला वाडी गावाच्या पलीकडे मुरमाड माळावर उतरवून गेले. विहीर देऊ म्हणाले होते. ती अजून यायची आहे. कोठाराला मात्र बघता बघता वीज आली, नळ आले. साहेबांच्या बंगल्यांपुढच्या हिरवळीला दोन्ही वेळा पाणी. म्हणजे सरकारजवळ पाणी होतं, पैसा होता. आम्ही आठवणीत नव्हतो, एवढंच.

मसणवटसुद्धा दिली नाही. जवळच्या गावाच्या मसणात मयत नेलं की तिथली माणसं आडवी यायची. "तुमचं तिकडे न्या." तिकडे म्हणजे कुठे, ते कुणी सांगायचं नाही.

तरी दरवर्षी पावसाळा सरला की ठेकेदार आम्हालाच कोठारात न्यायचा, गवत कापायला. वाळलेलं गवत पेटलं तर सगळा दारूगोळा उडेल, म्हणून ते पार बुडापासून काढावं लागे. आपल्याच शेतात आम्ही मजुरीनं विळा चालवायचो. नाल्याकाठी आमची जुनी मसणवट होती. आजा, आजी, माझा धाकटा भाऊ तिथेच पुरलेले. बा तिथं विळा लावायचा नाही. तेवढं गवत हातानं उपटायचा.

म्हणून बा गेला तेव्हा आम्ही कुणाला विचारलं नाही. तिरडी उचलली आणि सरळ फाटकावर आलो. गवताला आत घेतात, तर मातीलाही घेतील असं वाटलं. इतके भोळे होतो आम्ही.

साहेब जीपमधून उतरला. मराठीच होता, बोलणं अगदी शुद्ध. "देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. असल्या भावना इथे चालत नाहीत." मग पहारेकऱ्याकडे वळून म्हणाला, "इन लोगों को एक बार अंदर लिया, तो रोज मुर्दा लेके आएंगे."

काका हात जोडून उभा होता. मी त्याचे हात धरून खाली केले.

"साहेब, देश देश म्हणता. त्यात आमचा बाप येते का नाही?"

तो जीपमध्ये बसला. फाटक लागलं.

बाला आम्ही अमरावती रोडच्या कडेला पुरलं, ट्रक उभे राहतात त्या जागेच्या मागं. माती डिझेलनं काळी झालेली. खाली मुरूम लागला, खड्डा खोल गेला नाही. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून मायनं वर दगड रचले. मी रडले नाही. संताप इतका होता की रडू येईना.

दिवाळीच्या तोंडावर ठेकेदार वस्तीत आला. "चला वं बायांनो, गवत कमरेले लागून राहिलं."

"नाही येत," मी म्हटलं.

"काहून?"

"आधी मसणवट. मंग गवत."

"पोरी, हे देशाचं काम आहे."

"मंग साहेबाच्या बायकोले ने."

बाया हसल्या. पण घरातून एकीनंही विळा काढला नाही. ठेकेदारानं दुसरीकडचे मजूर आणले, तेव्हा आम्ही फाटकापुढे आडवे बसलो. पोलिसांनी उचललं. साहेब म्हणाला, हा देशद्रोह आहे. बा असता तर हा शब्द ऐकून कोसळला असता. मला काहीच झालं नाही. सुटून आलो आणि पुन्हा तिथेच बसलो.

त्याला आता वर्षं झाली. मसणवट मिळाली नाही. कोठारातली मजुरी गेली ती गेलीच. आता मी वाडीच्या गोदामात मिरच्यांची पोती शिवते. माय थकली आहे. परवा म्हणाली, "मलेही रस्त्याच्या कडेलेच पुर वं. कुठं भांडत बसतं?"

मी तिला नाही म्हणून सांगितलं. तिची माती नाल्याकाठीच होईल. फाटक उघडलं तर फाटकातून नेईन. नाही उघडलं तर कुंपण तोडून.