नाशपातीवरचं उदुंबर

आमच्या गावच्या बागाईतदार ओक-नाम मावशींची नाशपाती पडून राहिली, ती माझ्या तोंडामुळे.

छुसोकच्या, म्हणजे आम्हा कोरियन लोकांच्या सुगीच्या सणाला चार दिवस होते. पूर्वजांपुढे मांडायला मोठ्यात मोठी नाशपाती हवी म्हणून अख्खं नाजू शहर आमच्या गावच्या शेतमालाच्या दुकानात लोटलं होतं. मावशींच्या टोपल्यांपुढे मात्र तीन बायका हात जोडून उभ्या. एका फळाच्या देठाशी केसासारख्या दांड्यांवर पांढरे ठिपके डोलत होते. बौद्ध कथांमधलं, तीन हजार वर्षांनी एकदा फुलणारं उदुंबराचं पवित्र फूल ते हेच, अशी तिघींची खात्री.

एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या माणसाने अशा वेळी गप्प बसावं. मला ते जमत नाही. "बायांनो, ही किड्याची अंडी आहेत," मी मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितलं. किडा बिचारा निरुपद्रवी आहे, त्याची पिल्लं झाडावरची मावा कीड खातात, हेही सांगणार होतो. पण 'अंडी' म्हणताच वर्ग सुटला. पिशवीत घेतलेली फळंसुद्धा परत टोपलीत आली. संध्याकाळी मावशी सगळा माल हातगाडीवर घालून घरी गेल्या. सण उलटला की त्या मोठ्या फळांना कोण विचारतंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माफी मागायला त्यांच्या बागेत गेलो. त्यांनी आधी एक नाशपाती सोलली. अंड्यांपुरती साल अलगद कापून जवळच्या फांदीवर ठेवली आणि फोड माझ्या हातात दिली. रस कोपरापर्यंत ओघळला. इतकी गोड नाशपाती मी त्या वर्षी खाल्ली नव्हती. लाज अशी वाटत होती की मान वर होईना, आणि तरी दुसऱ्या फोडीसाठी हात पुढे झालाच.

दुकानात उभा राहून सगळ्यांना नीट समजावून सांगतो, असं मी म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, आता उपकार करायचे तर दुकानाबाहेर उभे राहा. अंडी आहेत हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. सहा वर्षं बागेत औषध मारलं नव्हतं, ते त्या किड्यांच्याच जिवावर.

मी आणखीच खजील झालो. तरी मास्तरकी गप्प बसेना. "मग मावशी, बायकांना फूल कसं म्हणू दिलंत?"

"हात जोडलेली बाई फळ दाबून बघत नाही, मास्तर."