तांबड्या पाठीचं पुस्तक

दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. मी वाईचा, बावीस वर्षांचा, नुकताच प्राथमिक शिक्षक झालेला. पहिली नेमणूक मिळाली ती कडेगावजवळच्या एका गावात. तो भाग त्या वेळी सातारा जिल्ह्यातच मोडायचा. घरटी एक माणूस पलटणीत होता. पोस्टमन आठवड्यातून एकदा यायचा आणि आलेली पत्रं वाचून दाखवायला मला घरोघर बोलावणं यायचं.

दुपारी देवळात मी बायकांचा साक्षरता वर्ग घेत असे. सुरुवातीला अकराजणी होत्या, सुगी आली तशा चार उरल्या. त्या चौघींतली एक शिपायाची बायको होती. वय विशीच्या आतबाहेर. पहिल्याच दिवशी मी प्रत्येकीला विचारलं, शिकायचं कशाला? बाकीच्या लाजून हसल्या. ही म्हणाली, "मालकाचं पत्र तुमी वाचता, तवा सासू, सासरा, दीर समदी ऐकत बसत्यात. मला एकटीला वाचायचंय."

ती झपाट्यानं शिकली. दळताना, भाकरी थापताना पुटपुटत अक्षरं घोकायची, असं तिची सासूच मला कौतुकानं सांगायची.

त्या वर्षी साताऱ्याच्या एका वाचनालयानं खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या पाठवायला सुरुवात केली. एक पेटी वर्षभर ठेवायची, मग परत करून दुसरी आणायची. आमच्या गावची पेटी मी स्वतः सर्व्हिस मोटारीच्या टपावर चढवून आणली. आत चाळीसेक पुस्तकं होती. मुलांना कसं शिकवावं यावरची तीन-चार, ग्रहताऱ्यांवर एक, विजेवर एक, जमीन आणि खतं, हिवतापाचे डास, सहकारी सोसायटी, लग्नाच्या चालीरीती, अस्पृश्यता. कथाकादंबऱ्या नावालाही नव्हत्या. मला ती पेटी म्हणजे दौलत वाटली. शिक्षणशास्त्राची पुस्तकं मी आठवड्याभरात वाचून काढली. ग्रहताऱ्यांचं दोनदा वाचलं.

वाचनाचा सराव व्हावा म्हणून मी वर्गात पुस्तकं मांडून बायकांना नुसती नावं वाचायला सांगितली. त्यात एक तांबड्या पाठीचं, बेताच्या जाडीचं पुस्तक होतं. शिपायाच्या बायकोनं त्याच्यावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं, "बा-ळं-त-प-ण." बायका पदर तोंडाला लावून खिदळल्या. माझे कान तापले. मी घाईघाईनं पुढचं पुस्तक काढलं.

वर्ग सुटला. बाकीच्या गेल्या, ती मागं राहिली.

"आवं गुरुजी, त्ये तांबड्या पाठीचं मला द्या की वाचायला."

तिला दिवस गेलेले होते, हे तोवर दिसू लागलं होतं. नवरा रजेवर येऊन गेला होता आणि आता पुन्हा कुठंतरी लांब आघाडीवर होता.

मी म्हणालो, "ते तुम्हाला झेपायचं नाही. जोडाक्षरं फार आहेत त्यात." आणि तिच्या हातात ग्रहताऱ्यांचं पुस्तक दिलं.

खरं कारण वेगळं होतं. ते पुस्तक मी एकदाच उघडलं होतं. आत पोटातल्या मुलाचं चित्र होतं, ते बघून लगेच मिटलं. मी बिनलग्नाचा, परगावचा. असलं पुस्तक मी कुणाच्या सुनेला दिलं असं चावडीवर कळलं असतं तर गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. त्या संध्याकाळी मी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि पेटीच्या तळाशी ठेवून दिलं.

पंधरा-वीस दिवसांनी ती ग्रहताऱ्यांचं पुस्तक घेऊन शाळेत आली. "झालं वाचून," म्हणाली. माझा विश्वास बसेना. मी मधलंच एक पान उघडलं. तिनं अडखळत, पण न चुकता वाचून दाखवलं. 'कक्षा', 'गुरुत्वाकर्षण', सगळं.

"आता जोडाक्षरं येत्यात न्हवं? मग द्या त्ये."

माझ्याजवळ सबब उरली नव्हती. मी म्हणालो, "ते साताऱ्याला परत गेलं."

"व्हय?" ती म्हणाली. "पुन्यांदा आलं म्हंजी सांगा." आणि गेली. पेटी माझ्या पाठीमागं दोन हातांवर होती.

मुलगा झाला. सासूनं शाळेत पेढ्यांऐवजी गूळ वाटला. शिपायाला पत्र मीच लिहिलं, कारण बाळंतिणीला बसवत नव्हतं. सहाव्या दिवशी मूल दूध ओढेनासं झालं. त्याचं तोंडच उघडेना. मग अंग ताठ व्हायला लागलं. सासरा बैलगाडी जुंपून डॉक्टरकडं निघाला, पण त्याआधी अंगारे-धुपारे करण्यात दीड दिवस गेला होता. गाडी अर्ध्या वाटेवरून परत आली. गाव म्हणालं, सटवाईनं नेलं.

मी शाळेत मुलांना गणितं घालून दिली आणि पेटी उघडली. वर्तमानपत्राचं कव्हर काढलं. ते पान शोधायला वेळ लागला नाही. नाळ कापायचं पातं आधी उकळत्या पाण्यात ठेवावं, जखमेला शेण किंवा राख लावू नये, नाही तर बाळाला धनुर्वात होतो, हे तिथं साध्या भाषेत, माझ्या दुसरीतल्या पोरांनाही कळेल असं लिहिलेलं होतं. बाळाची नाळ गवत कापायच्या विळ्यानं कापली होती आणि वर चुलीतली राख दाबली होती. मला हे ठाऊक होतं, कारण सुईण स्वतःच ते अभिमानानं सांगत होती.

पुस्तक मिळालं असतं तर मूल वाचलंच असतं, असं छातीठोकपणे कोण सांगणार? सासूनं ऐकलं असतं का, सुईणीनं मानलं असतं का, कोण जाणे. पण ते ठरवायची संधी तिची होती. ती मी हिरावून घेतली.

दोन महिन्यांनी ती पुन्हा वर्गाला आली. वाळली होती. बाकीच्या जाईपर्यंत मी थांबलो आणि पुस्तक तिच्यापुढं ठेवलं. तिनं त्याची पाठ बघितली, मग माझ्याकडं बघितलं.

"गेलंच न्हवतं न्हवं, साताऱ्याला?"

"नाही."

"तुमी वाचलं व्हतं?"

"नाही," मी म्हणालो. "नंतर वाचलं."

"मग कशापायी लपिवलं?"

माणसं काय म्हणतील, हे उत्तर माझ्या तोंडातून निघेना. ती रडली नाही, रागावली नाही. पुस्तक पदराखाली घेतलं आणि उठली. रागावली असती तर बरं झालं असतं.

नंतर कळलं ते सासूकडून. सुनेनं ते पुस्तक सुईणीच्या घरी नेलं होतं. म्हातारी भडकली. "माझ्या हातावर निम्मं गाव जन्माला आलंय, आन् मला कागद शिकिवतो व्हय?" ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी म्हातारी म्हणाली, "वाच बाई, काय वाचतीस त्ये." त्या उन्हाळ्यात गावात जी बाळंतपणं झाली, त्यांत विळा उकळून घेतला म्हणे. म्हातारी ते आपलंच शहाणपण म्हणून सांगत असे. कुणी तिला अडवलं नाही.

वर्ष भरलं, पेटी परत करायची वेळ आली. पुस्तक आणखी ठेवता येईल का, असं तिनं निरोप पाठवून विचारलं. नियम नव्हता. मी तसं कळवलं. आज वाटतं, हरवलं म्हणून लिहून दिलं असतं तर काय बिघडलं असतं? वाचनालयानं चार शब्द सुनावले असते. पण नको तिथं खोटं बोललेला मी, हवं तिथं मात्र नियमाला चिकटून राहिलो. पुस्तक तिच्याकडून परत आलं तेव्हा त्यातल्या दोन पानांवर हळदीची बोटं उमटलेली होती. ती पानं तिनं पाटीवर आणि मग वहीवर उतरून घेतली होती.

लढाई संपली. शिपाई कायमचा घरी आला. एका सकाळी तो शाळेत आला, इस्त्रीच्या खाकी शर्टात, बूट दाराबाहेर काढून. माझ्यापुढं त्यानं परदेशातून आणलेलं फौंटनपेन ठेवलं.

"गुरुजी, लय उपकार झालं. तिकडं माझ्या बायकूचं पत्र आलं, तिच्या हातचं, तवा सगळी कंपनी बघाया आली. तुमी नसता तर ती शिकली नसती."

मी पेन नाकारलं. त्यानं ते माझ्या खिशात खोचलं. मग बाकावर बसून तो बराच वेळ बोलला. मूल गेल्याचं मागाहून कळलं, म्हणाला. "नशीब आमचं." पुस्तकाचं तिनं त्याला काही सांगितलेलं नव्हतं. मला सांगायला हवं होतं. तो समोर बसला होता, शांतपणे ऐकून घेणारा माणूस होता. मी म्हणालो, "हो, नशीब," आणि घंटेच्या निमित्तानं उठलो.

पुढच्याच वर्षी माझी दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. निरोपाच्या दिवशी ती आली नाही, मीही तिच्या घरी गेलो नाही.

त्यानंतर एकदा कामासाठी विट्याला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. बांगड्यांच्या पालापुढं ती उभी दिसली. कडेवर वर्षा-दीड वर्षाची मुलगी होती, गुटगुटीत, आईच्या गळ्यातली पोत ओढत असलेली. तिनं मला ओळखलं. "आवं गुरुजी!" अशी हाक मी स्पष्ट ऐकली. आवाजात कसलाही सल नव्हता, ओळखीचं माणूस भेटल्याचा आनंदच होता.

मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि गर्दीतून पुढं निघून गेलो. मोटारीला अजून तासभर अवकाश होता.